शिरपामाळचे पान कोणत्या सर्व्हरकडे?

लोड बॅलन्सरच्या नियमाला दोन अंगे असतात : अट आणि कृती. अट विनंतीतले डोमेन, पाथ किंवा हेडर तपासते. कृती बहुधा दोनपैकी एक. राउटिंगमध्ये विनंती मागच्या ठरावीक सर्व्हरकडे जाते, वाचकाला पत्ता दिसतो तोच राहतो. रीडायरेक्टमध्ये ब्राउझरला नवा पत्ता कळवला जातो आणि तो तिथे दुसरी विनंती करतो.

जव्हारजवळचे शिरपामाळ १६६४ च्या सुरत स्वारीवेळच्या शिवाजी महाराजांच्या मुक्कामासाठी ओळखले जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तोवर हे ठिकाण ठाणे जिल्ह्यात होते. समजा, ठाण्याच्या संकेतस्थळावर ‘/पर्यटन/शिरपामाळ’ असे पान होते आणि ते पालघरकडे न्यायचे आहे. ‘/पर्यटन/*’ ठाण्याच्या सर्व्हरकडे पाठवणारा नियम वर असेल, तर खालचा शिरपामाळचा नियम कधीच लागू होत नाही, कारण पहिला नियम जुळला की शोध थांबतो. म्हणून नेमका नियम आधी, ढोबळ नंतर. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये नियमांना १ ते ५०,००० प्राधान्यक्रमांक मिळतात आणि लहान क्रमांक आधी तपासला जातो. १०, २०, ३० असे अंतर सोडलेले बरे. मध्ये नियम घुसवावा लागतोच. एनजिनएक्समध्ये मात्र साध्या पाथांपैकी सर्वांत लांब जुळणारा निवडतात, लिहिण्याच्या क्रमाला तिथे किंमत नाही.

देवनागरी पाथची एक गंमत आहे. ब्राउझर प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहितो. ‘शिरपामाळ’मध्ये काना-वेलांटीसह आठ चिन्हे, म्हणजे विनंतीत ७२ अक्षरे पोचतात. डोळ्यांना दिसणारे नाव अटीत तसेच लिहिले तर ते जुळेलच असे नाही.

रीडायरेक्टचा कोड निवडताना घाई नको. ३०१ म्हणजे कायमचा बदल; ब्राउझर तो लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकलेला ३०१ सर्व्हरवर दुरुस्त केला तरी वाचक जुन्याच वाटेने जात राहतो. चाचणी ३०२ ने करावी. या दोन्हींत भरलेल्या अर्जाची पोस्ट विनंती गेट होऊन माहिती गळू शकते. तिथे ३०७ किंवा ३०८ वापरावा.

एचटीटीपीएसकडे वळवताना हमखास फेरा पडतो. लोड बॅलन्सर कूटबद्धता स्वतः उलगडतो आणि आत साधे एचटीटीपी पाठवतो. आतले ॲप ते पाहून पुन्हा एचटीटीपीएसकडे धाडते. वीस रीडायरेक्टनंतर क्रोम हात टेकतो. मूळ विनंती कशी आली होती हे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ या हेडरमध्ये असते. ॲपने ते वाचले की फेरा सुटतो.