श्रीलंकेला जाताय? आधी किनारा ठरवा

श्रीलंकेच्या सहलीची तयारी बहुतेक घरांत विमानाच्या तिकिटांपासून सुरू होते. ती पावसाच्या नकाशापासून व्हायला हवी. या बेटावर मोसमी पाऊस वर्षातून दोनदा, दोन दिशांनी येतो. मेअखेर ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे कोलंबो, बेंटोटा, गॉलचा किनारा आणि रत्नपुराकडचे डोंगरउतार झोडपून काढतात. मधले डोंगर, ज्यांचं सर्वोच्च शिखर 2,524 मीटरचं आहे, हे बाष्प अडवतात आणि पलीकडचं त्रिंकोमाली बऱ्यापैकी कोरडं राहतं. महाबळेश्वर भिजत असताना माण-खटाव आभाळाकडे बघत बसतो, तोच हा प्रकार. डिसेंबरपासून ईशान्येचे वारे सुटले की पारडं फिरतं: पाऊस पूर्वेला जातो आणि दक्षिणेकडच्या मिरिसाचा समुद्र निवतो.

यावर कोणी म्हणेल, सुट्ट्या शाळा ठरवते, आम्ही नाही. खरं आहे, पण महिना हातात नसला तरी किनारा हातात असतो. मे महिन्यात निघणाऱ्याने त्रिंकोमाली, सिगिरिया, पोलोन्नारुवा धरावं; नाताळात जाणाऱ्याने गॉल आणि मिरिसा. दिवाळीचं मात्र अवघड आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस जवळपास सगळीकडे असतो, शिवाय बंगालच्या उपसागरातली वादळं. नोव्हेंबर 2025 मधल्या दितवा चक्रीवादळाच्या पुरात आणि दरडींखाली तिथे शेकडो माणसं गेली. तेव्हा दिवाळीनंतरच्या बेतात एखादा दिवस मोकळा सोडावा आणि हवामान खात्याचे इशारे रोज पाहावेत. ‘पाऊस काय, तासाभरात थांबतो’ हा युक्तिवाद सिगिरियाला चालेल, समुद्राला नाही. खवळलेल्या किनाऱ्यावर ऊन पडलं तरी लाटांखालची ओढ तशीच राहते. लाल बावटा असेल तर पोहायला उतरू नये.

‘देश एवढासा, दोन्ही किनारे करू’ हाही मोह होतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा असलं, तरी कोलंबोजवळच्या विमानतळावरून त्रिंकोमालीला गाडीने सहज पाच-सहा तास लागतात. चार दिवसांत अख्खी लंका दाखवणारं पॅकेज बव्हंशी गाडीची खिडकीच दाखवतं. सामानात नुवारा एलियासाठी स्वेटर हवा, देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. दर पौर्णिमेला सुट्टी असते, दारूची दुकानं बंद राहतात. बुद्धपौर्णिमेचा वेसाक बहुधा मे महिन्यातच येतो: रस्तोरस्ती कंदील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण. त्या दिवसांतली हॉटेलं आधीच धरून ठेवावीत.