हिऱ्यातील अणू आणि उद्याचे संदेशजाळे

आजचे दूरसंदेश काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने धावतात. वाटेत प्रकाश क्षीण झाला की तो ठरावीक अंतरावर पुन्हा प्रखर करता येतो. क्वांटम जाळ्यात मात्र ही सोय नाही. तेथे माहिती एकेका प्रकाशकणाच्या स्थितीत असते आणि अशा अज्ञात स्थितीची हुबेहूब प्रत काढणे अशक्य आहे, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. चोरट्याला नक्कल करता येत नाही, हे या जाळ्याचे बळ. परंतु त्याच नियमामुळे संदेश वाटेत वाढविताही येत नाही. उत्तम काचतंतूतूनही ५० किलोमीटरनंतर शंभरांपैकी सुमारे दहा प्रकाशकण उरतात, तर १०० किलोमीटरनंतर केवळ एक.

टप्पे आणि स्मृती

यावरील उपाय म्हणजे लांबचे अंतर लहान टप्प्यांत विभागणे. प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांवरील अणू परस्परांशी ‘गुंतलेल्या’ स्थितीत आणले जातात व नंतर हे दुवे एकमेकांस जोडले जातात. सर्व टप्पे एकाच क्षणी जुळत नसल्याने आधी जुळलेल्या दुव्याने थांबून राहावे लागते. म्हणून प्रत्येक केंद्रात स्मृतीची आवश्यकता असते.

अशी स्मृती घन स्फटिकातील एखादा परका अणू पुरवू शकतो. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूऐवजी नत्राचा अणू असून शेजारची जागा रिकामी असेल, तर तेथील इलेक्ट्रॉन प्रकाशाशी संवाद साधतो आणि जवळचे अणुकेंद्र माहिती जपून ठेवते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे अशा तीन केंद्रांचे जाळे उभारण्यात आले. हार्वर्ड विद्यापीठाने २०२४ मध्ये नत्राऐवजी सिलिकॉन वापरून बोस्टन परिसरातील ३५ किलोमीटर तंतूंच्या फेऱ्यातून दोन केंद्रे गुंतविली. दोन्ही केंद्रे मात्र प्रयोगशाळेतच होती. त्याच वर्षी डेल्फ्ट आणि हेग या शहरांतील केंद्रे २५ किलोमीटरच्या तंतूने जोडली गेली.

विस्तारातील अडचणी

स्फटिकाच्या लहानशा तुकड्यावर अशी अनेक केंद्रे घडविता येतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. परंतु प्रत्येक अणूचा परिसर किंचित वेगळा असल्याने त्याच्या प्रकाशाचा रंगही थोडा वेगळा पडतो. दुवा जुळण्यासाठी तर दोन्हीकडील प्रकाशकण एकसारखे असावे लागतात. शिवाय हिऱ्यातील हा प्रकाश तंतूत लवकर शोषला जात असल्याने त्याची तरंगलांबी बदलावी लागते. उपकरणेही निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड ठेवावी लागतात.

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. क्वांटम स्मृती असलेले बहुकेंद्री जाळे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. दोन-तीन केंद्रे जोडणे साध्य झाले आहे; शेकडो केंद्रे विश्वासार्हपणे जोडणे हे पुढील कार्य होय. त्याचे यश अंतरापेक्षाही त्या इवल्या अणूच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहील.