सोलापुरात दारू सोडणाऱ्यांचा गट शोधताना

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्परांना आधार देणारी संघटना. ती १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून उभी राहिली आणि १९५७ मध्ये मुंबईमार्गे भारतात आली. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो.

शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून पहिली अडचण संकोचाची असते. गटात पूर्ण नाव, पत्ता विचारत नाहीत. तरीही अवघडल्यासारखे वाटले, तर दुसऱ्या भागातला गट निवडणे अगदी योग्य. सभेची जागा आणि वेळ बदलू शकते, त्यामुळे आधी फोनवर खात्री करावी. ‘खुल्या’ सभेला घरचे लोकही बसू शकतात. ‘बंद’ सभा फक्त व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी असते. बायकोमुलांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत, आणि त्यांची गरज फार कमी लेखली जाते.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम दारू बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके, भ्रम सुरू होऊन जीवावर बेतू शकते. आधी सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. निवासी उपचार हवे असल्यास पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करते आहे. तिथून परतल्यावरही गावातला गट लागतोच.