तरंगत्या माशीचे पंख

गोव्यातील सत्तरीच्या रानात किंवा बेळगावकडील खानापूरच्या जंगलात पहाटेच्या वेळी जो कोणी गेला असेल, त्याने राखी रानकोंबड्याची तुटक, घोगरी बांग ऐकली असेल. पक्षी मोठा लाजाळू. दिसला तर क्षणभरच दिसतो. पण तेवढ्यात त्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांचे पिवळसर ठिपके नजरेत भरतात. मेणाचे थेंब ओघळून जागच्या जागी थिजावेत, तसे ते असतात. याच जातीच्या पक्ष्याचे पीस सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लेटॉर्ट नावाच्या ओढ्यावर, मासे पकडण्याच्या कामी येत असे, हे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल.

व्हिन्सेंट मॅरिनॅरो या मत्स्यशिकाऱ्याने तेथे एक कृत्रिम कीटक तयार केला. आपल्या शेतकऱ्यांना पिकावरील तुडतुडे चांगले ठाऊक आहेत; त्याच वर्गातील किड्याची ती प्रतिकृती होती आणि तिचे नावही ‘जॅसिड’, म्हणजे तुडतुडा, असेच होते. तिच्या पाठीवर रानकोंबड्याचे ते ठिपकेदार पीस पंख म्हणून आडवे बसविलेले असे. आज आपल्याला पाहावयाचे आहे ते हे, की अशा पिसाची जागा कारखान्यातील धाग्याने घ्यावयाची झाल्यास तो धागा कसा निवडावा.

प्रथम ही विद्या काय आहे ते थोडक्यात सांगतो. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नदीकाठी तासन् तास बसणारी माणसे आपण पाहिली आहेत. थंड, वाहत्या पाण्यात राहणारा ट्राउट मासा पुष्कळदा पाण्यावर उतरलेले किडे वर येऊन टिपतो. म्हणून गळाच्या दांडीवर दोऱ्याने पिसे व केस बांधून किड्याची प्रतिकृती करतात आणि ती अलगद पाण्यावर सोडतात. जी पाण्यावर तरंगत राहते ती ‘ड्राय फ्लाय’. आपण तिला तरंगती माशी म्हणू. इंग्लंडमध्ये टेस्ट व इचेन या नद्यांवर ही कला वाढली आणि फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी १८८६ साली तिच्यावर ग्रंथ लिहून तिला शास्त्राचे रूप दिले. आपल्या देशात ट्राउट बाहेरून आणलेला आहे. काश्मीर, कुलू, निलगिरी अशा थंड प्रदेशांतील पाण्यात तो रुजला. आपल्याकडच्या कोमट नद्यांत तो जगत नाही.

या माशीला पंख कशासाठी हवेत, असा प्रश्न सहज मनात येईल. त्याचे उत्तर माशाच्या डोळ्याने पाहिले म्हणजे मिळते. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरील एका गोल खिडकीतून दिसते. मासा एक फूट खोल असेल तर ही खिडकी सुमारे सव्वादोन फूट रुंद असते. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. प्रवाहाबरोबर येणाऱ्या माशीचे पाय त्या आरशावर लहान लहान खळ्या पाडतात. आणि तिचे अंग खिडकीत शिरण्यापूर्वीच तिच्या उभ्या पंखांची टोके खिडकीच्या काठावर झळकू लागतात. यजमानाने दार उघडण्यापूर्वी पाहुण्याची पगडी तावदानातून दिसावी, तसाच हा प्रकार. पंख दिसला की मासा सावध होतो आणि वर येण्याची तयारी करतो. म्हणून पंख हा नुसता शृंगार मानता येत नाही.

शिवाय खऱ्या कीटकाचे पंखही आयुष्यभर सारखे राहत नाहीत. मेफ्लाय नावाचा कीटक पाण्यातून प्रथम बाहेर पडतो, तेव्हा त्याचे पंख मळकट, अपारदर्शक असून शिडासारखे उभे असतात. पुढे तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटक सृष्टीत हाच एक. मग त्याचे पंख काचेसारखे स्वच्छ होतात. अंडी घालून झाली की तो पंख दोन्ही बाजूंना पसरून पाण्यावर निपचित पडतो. पहिल्या अवस्थेचे पंख उभे बांधावे लागतात, दुसरीचे आडवे. सारी निवड येथूनच सुरू होते.

जुने कारागीर बदकाच्या, मैनेच्या जातीच्या पक्ष्यांच्या किंवा कोंबड्याच्या पिसांचे पंख करीत. ते दिसावयास अप्रतिम. पण दोनचार मासे लागले की चिरफाळतात आणि भिजले की जड होतात. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील ली वुल्फ यांनी हरणाच्या शेपटीचे केस वापरून टिकाऊ पंख केले. पुढे रसायनशास्त्राने नवे धागे दिले. आपल्याकडेही १९७२ चा वन्य जीव संरक्षण अधिनियम झाला आणि रानकोंबड्याच्या शिकारीला व पिसांच्या व्यापाराला कायद्याचा पायबंद बसला. परदेशांत पाळीव पैदाशीची पिसे मिळतात आणि त्या ठिपक्याची हुबेहूब नक्कल असलेले प्लास्टिकचे तुकडेही मिळतात.

आता धाग्यांकडे वळू. पहिला मान पॉलिप्रोपिलीनचा. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जूल्यो नात्ता यांनी १९५४ साली सिद्ध केलेला हा पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. साखरेची व खताची विणलेली पांढरी पोती याचीच असतात. त्याची घनता पाण्याच्या नऊदशांश, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. परंतु येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखाला लागणारा धागा इतका थोडा, की त्याच्या हलकेपणाने पोलादी गळ तरून जाणार नाही. माशी तरते ती मुख्यत्वे पाण्याच्या पृष्ठताणावर. पॉलिप्रोपिलीनचा खरा गुण असा, की ते पाणी जवळजवळ पीतच नाही. दोरीला हवेत एकदोन झटके दिले की पंख पुन्हा कोरडा होतो. उभ्या व आडव्या, दोन्ही पंखांना तो चालतो.

दुसरा अँट्रॉन. हा नायलॉनचा एक प्रकार असून मुळात गालिच्यांसाठी निघाला. त्याच्या तंतूचा छेद तीन पाळ्यांचा असतो, त्यामुळे त्यावर प्रकाश खेळतो. गॅरी लाफाँटेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा मोठा पुरस्कार केला. काचेसारख्या पंखांची चमक दाखविण्यास तो उत्तम. मात्र नायलॉन पाण्याहून जड आहे आणि थोडे पाणीही शोषतो. तेव्हा त्याचे चार तंतू पुरेत, जुडगा नको.

तिसरा प्रकार शिरा छापलेल्या पातळ पारदर्शक पापुद्र्याचा. दुकानात पाहता तो सर्वांत खरा वाटतो आणि नवशिका नेमका त्यालाच भुलतो. फेकताना मात्र हा ताठ पंख हवेत भिंगरीसारखा फिरतो, शेवटच्या बारीक दोरीला पीळ भरतो, आणि माशी पाण्यावर कलंडून पडते. चौथा बंद पेशींचा फोम. त्याच्या कोंडलेल्या पोकळ्यांत पाणी शिरत नाही, म्हणून खळाळत्या पाण्यात तो भरवशाचा. पण संथ पाण्यावर त्याचा ठोकळा माशाच्या नजरेत खुपतो.

एवंच, नियम सोपा आहे: आधी पंखाचे काम ओळखावे, मग धागा घ्यावा. नवख्याने राखी आणि पांढरे असे पॉलिप्रोपिलीनचे दोनच धागे घ्यावेत. राखी धागा पहिल्या अवस्थेच्या उभ्या पंखांना, पांढरा आडव्या पंखांना. पांढऱ्याचा दुसराही उपयोग आहे. १९२२ साली मिशिगनमध्ये जन्मलेल्या ‘अ‍ॅडम्स’ या प्रसिद्ध माशीच्या आजच्या एका प्रकारात मधोमध पांढरा खुंट उभा करून त्याच्याभोवती पीस आडवे गुंडाळतात. तो खुंट संधिप्रकाशात शिकाऱ्याला आपली माशी कोठे आहे ते दाखवितो. माशासाठी पाण्याला टेकलेले पीस आहेच.

धागा खरा की खोटा, याची परीक्षा घरच्या वाडग्यात होते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, धाग्याचा लहान तुकडा बोटांनी दाबून त्यातील हवा काढावी आणि तो तळाशी सोडावा. वर आला तर पॉलिप्रोपिलीन. तळाशी राहिला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा स्वेटर विणण्याचे अ‍ॅक्रिलिक. बांधताना हे गुळगुळीत धागे दोऱ्याखालून सटकतात, म्हणून दोऱ्याला मेण लावावे आणि गाठीवर डिंकाचा एक थेंब द्यावा. पंखाची उंची गळाच्या दांडीएवढी असावी. आणि धागा हाताला जितका पुरेसा वाटेल त्याच्या निम्माच घ्यावा. या कलेतील निम्मे अपयश भरगच्च पंखांचे असते.

एक गोष्ट सांगून हे भाषण संपवितो. कृत्रिम धाग्याने पक्ष्याचा जीव वाचतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण पीस गळून पडले तर कुजून मातीला मिळते. हा धागा कुजत नाही. कातरलेली टोके, तुटलेली दोरी, निकामी माशी नदीकाठी टाकून देणारा मनुष्य एका प्राण्याचे ऋण फेडताना दुसऱ्याचे करून ठेवतो. म्हणून जाणता शिकारी खिशात एक लहान डबी बाळगतो आणि प्रत्येक तुकडा तिच्यात घालून घरी आणतो. रानकोंबड्याचे पीस त्याच्या मानेवर राहावे आणि आपला धागा आपल्या डबीत परत यावा, एवढे साधले म्हणजे पंखांची निवड खऱ्या अर्थाने नीट झाली असे म्हणता येईल.