ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, त्यांच्यासाठी
(एस. वाय. बी. ए.)

ग्रंथालयाच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर बहुतेकांची मागणी एकच असते – गाईड, नाहीतर प्रश्नसंच! कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे फारसे कोणी फिरकत नाही. ह्याला केवळ आळस कारणीभूत आहे, असे मला वाटत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पंचांग आणि पोथी ह्यांखेरीज दुसरे पुस्तक नसते. त्यामुळे ‘वाचन हे शिकल्यासवरल्या घरांचे काम, आपण पास होण्यापुरते वाचावे’ अशी समजूत मनात घर करून बसते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. म्हणून, ज्यांना वाचावेसे वाटते पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, अशा मित्रमैत्रिणींना चार पुस्तके सुचवीत आहे. कसोटी एकच – वाचताना आनंद झाला पाहिजे. आणि गंमत अशी, की ह्या चौघांपैकी एकानेही कॉलेजचे तोंड पाहिलेले नव्हते!

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळा मास्तर नेमणुकीवर येतो, एवढीच कथा. पण म्हातारा कारभारी, आनंदा रामोशी, आयबू मुलाणी अशी माणसे एकेक करून भेटू लागतात आणि आपणही त्या वाडीचे होऊन जातो. सगळी वाडी मिळून तालीम बांधते, तो भाग तर अवश्य वाचावा. पुढे पावसाने पाठ फिरविल्यावर काय होते, ते मी सांगत नाही. वाक्ये लहान, पुस्तकही लहान. ज्याने आजवर एकही कादंबरी पुरी केली नाही, त्याने येथूनच आरंभ करावा.

ज्यांना थरार हवा, त्यांनी अण्णाभाऊ साठे ह्यांची ‘फकिरा’ (१९५९) घ्यावी. अण्णाभाऊंची शाळा अवघ्या दीड दिवसाची! त्यांच्या ह्या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. गावाची जोगणी आणताना प्राण देणारा राणोजी आणि दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा त्याचा मुलगा फकिरा, ह्यांची ही कहाणी आहे. ज्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरविले, त्यांच्या बाजूने ती लिहिली आहे. इतिहासाच्या पेपरात न भेटणारी माणसे येथे भेटतात.

तिसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. त्याचे भाग १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती नारायण वामन टिळक हे कवी. त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघांची ताटातूट झाली. दुःखाला तोटा नव्हता. परंतु रडण्यासारखे प्रसंग ही बाई हसत हसत सांगते. घरातली बाई अंगणात बसून बोलते आहे असे वाटते. एकेक प्रसंग सुटा वाचता येतो, तेव्हा एस.टी.च्या प्रवासात हे पुस्तक सोबत ठेवावे.

चौथी बहिणाबाई चौधरींची गाणी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने ही गाणी पुस्तकरूपाने आली. हे पुस्तक मी घरी मोठ्याने वाचले. आम्ही खानदेशातले, त्यामुळे जे शब्द मला अडले, त्यांचे अर्थ आईने भाकरी थापता थापता सांगितले. आईला अक्षर येत नाही, पण त्या दिवशी शिकविणारी ती होती. घरातल्या निरक्षर माणसाबरोबर वाचता येईल असे पुस्तक हवे असेल, तर हेच घ्या.

शेवटी दोन सूचना. वाचताना टिपणे काढू नका. ह्यावर परीक्षा नाही! आणि वीस-पंचवीस पाने वाचूनही मन रमले नाही, तर पुस्तक खुशाल परत करून दुसरे घ्या. त्यात कमीपणा नाही.

कॉलेजात आल्यावर आपल्यातले काही जण घरची बोली चारचौघांत लपवू लागतात. मित्रहो, ह्या चार पुस्तकांत तीच बोली, तीच शेते आणि तीच चूल मानाने बसलेली आहे. आपल्या घरी पुस्तक नसेल. पण पुस्तकात आपले घर आहे. ग्रंथालयाचे कार्ड सर्वांपाशी आहेच. ह्या आठवड्यात त्यावर गाईडऐवजी एक तरी कादंबरी घ्या, आणि वाचून झाल्यावर शेजारच्या बाकावरच्या मित्राला ती सांगा.