करवंदीची जाळी : नाव, ओळख आणि लागवड

बागेतील झुडूप बाराही महिने प्रेक्षणीय असावे, ही अपेक्षा आपल्या उद्यानविषयक लेखनात थंड देशांतील ग्रंथांवरून आली आहे. तेथे कसोटीचा काळ म्हणजे हिवाळा. पाने झडलेली असताना ज्या झुडपावर लाल फळांचे घोस टिकून राहतात ते झुडूप तेथील माळ्याला मोलाचे वाटते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ही कसोटी जशीच्या तशी लावणे सयुक्तिक नव्हे. आपल्याकडे बागेची परीक्षा होते ती चैत्र-वैशाखात. विहिरी आटत आलेल्या असतात, हिरवळ करपून गेलेली असते आणि कुंपणाच्या शोभेच्या झाडांची पाने धुळीने माखून मलूल झालेली असतात. या दोन महिन्यांत जे झुडूप हिरवे राहील, फुलेल आणि फळेलही, तेच आपल्या दृष्टीने वर्षभराचे झुडूप म्हणावयाचे. या कसोटीला पूर्णपणे उतरणारी देशी वनस्पती करवंद होय. आश्चर्य एवढेच की, ती डोंगरावर विपुल असल्यामुळे बागेत लावण्याजोगी आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

भाषाविषयक संशोधनाला वाहिलेल्या पत्रिकेत झुडपाच्या लागवडीची चर्चा कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर पुढे ओघाने येईलच. प्रथम नावाकडे वळू.

संस्कृतात या झुडपाला ‘करमर्द’ किंवा ‘करमर्दक’ म्हणतात. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘मर्द’ म्हणजे चुरडणारा. काटे हाताला टोचतात म्हणून करमर्द, अशी फोड सहज सुचते. परंतु वनस्पतींच्या नावांतील अशा सुबोध फोडी पुष्कळदा मागाहून बसविलेल्या असतात, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. त्यापुढची वाटचाल मात्र स्वच्छ आहे. ‘र्द’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘द्द’ झाले. दोन स्वरांमधील ‘म’ सानुनासिक ‘व’कारात गेला, जसा तो ‘ग्राम’पासून ‘गाव’ आणि ‘नाम’पासून ‘नाव’ होताना गेला. अनुनासिक पुढे सरकून ‘द’च्या आधी स्थिरावले आणि ‘करवंद’ सिद्ध झाले. हिंदीत ‘अव’चे ‘औ’ होऊन ‘करौंदा’ झाले. गुजरातीने मात्र ‘करमदुं’ या रूपात जुना ‘म’ राखला. अमरकोशात करमर्दकाच्या पर्यायांत ‘कृष्णपाकफल’ हे नाव येते. पिकल्यावर ज्याचे फळ काळे होते ते, असा त्याचा सरळ अर्थ. आणि हे निरीक्षण इतके नेमके आहे की, रोपवाटिकेत झाड पारखताना आजही ते उपयोगी पडते. त्याचा उलगडा पुढे होईल.

शास्त्रीय नावाचाही आपल्याशी संबंध आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधिद्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील एका संवादाच्या शीर्षकातच वेलदोड्याबरोबर ‘कारांदास’ आले आहे. पुढे लिनीयसने १७६७ मध्ये या वनस्पतीला ‘कॅरिसा कॅरँडास’ असे नाव दिले. त्या नावाच्या शेवटचा ‘स’ हा माझ्या मते पोर्तुगीज अनेकवचनाचाच अवशेष होय. गोव्यात आज या फळांना ‘कांटां’ म्हणतात. तेथे काट्यानेच फळाचे नाव बळकावले आहे.

मराठीत फळ ते करवंद आणि झुडूप ती करवंदी. नारळ-नारळी, पोफळ-पोफळी, बोर-बोरी, कवठ-कवठी या जोड्या शेजारी ठेवल्या म्हणजे फळ पुल्लिंगी वा नपुंसकलिंगी आणि ते देणारी वनस्पती ईकारान्त स्त्रीलिंगी, ही व्यवस्था स्पष्ट होते. याखेरीज करवंदीला स्वतःचा समूहवाचक शब्द आहे, तो म्हणजे ‘जाळी’. आंब्याची राई, केळीची बाग आणि करवंदीची जाळी. येथे शब्द आपापसांत बदलता येत नाहीत. लिंगविचाराचा आणखी एक मौजेचा नमुना मुलांच्या खेळात आहे. फळ तोंडात टाकण्यापूर्वी ‘कोंबडा की कोंबडी’ असे विचारावयाचे. चावल्यावर आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. व्याकरणात नपुंसक असलेल्या फळाला खेळात असे रंगावरून लिंग मिळते!

आता प्रत्यक्ष वनस्पतीविषयी. करवंद करवीर कुलातील आहे. कण्हेर, सदाफुली, कुडा, तगर, सातवीण ही तिची भावंडे. या कुलात पांढरा चीक सार्वत्रिक आहे आणि विषारीपणाही पुष्कळ. ज्यांचे फळ निर्धास्तपणे खावे अशा मोजक्या वनस्पतींत करवंदीची गणना होते. पाने समोरासमोर, जाड, चामट आणि वरून तुकतुकीत असतात. पाण्याचा अपव्यय टाळण्यास ती अनुकूल असल्यामुळेच उन्हाळ्यात हे झुडूप तग धरते. पेरांवर जोडीने येणारे काटे टणक असून काही वेळा टोकाशी दुभंगलेले असतात.

वर्षाचा क्रम असा. माघ-फाल्गुनाच्या सुमारास फांद्यांच्या टोकांशी पांढऱ्या फुलांचे झुबके येऊ लागतात. फुलाची नळी अरुंद, पाकळ्या पाच, वास मंद पण दूरवर जाणारा, जाईच्या वासाची आठवण देणारा. चैत्रात हिरवी फळे धरतात. ती चिकाने भरलेली व अत्यंत आंबट असतात आणि लोणच्याला हीच लागतात. वैशाखात त्यांवर तांबूस छटा चढते, मग जांभळी, शेवटी काळी. एकाच फांदीवर हिरवी, तांबडी आणि काळी फळे एकत्र दिसतात तो पंधरवडा या झुडपाच्या वैभवाचा. ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळी याच दिवसांत रस्त्यांवर ऐकू येते, आणि बुलबुलांच्या फेऱ्याही याच वेळी वाढतात. मृगाचा पाऊस लागला की फळांचा हंगाम सरतो. पण त्याच पावसाने नवी पालवी फुटते. ‘हबशी’ नावाच्या काळसर फुलपाखराच्या अळ्या या पानांवर वाढतात. त्यांनी चारदोन फांद्या ओरबाडल्या तरी औषध फवारण्याचे कारण नाही. शिशिरात शेजारची पानझडी झाडे उघडी पडतात तेव्हा जाळीची गर्द हिरवाई उठून दिसते.

लागवडीतील पहिली अडचण बियांची. करवंदीच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते. वाळवून डबीत ठेवलेले बी पुढील वर्षी उगवेल ही आशा व्यर्थ होय. पूर्ण पिकलेल्या फळांतील बी काढून, गर धुऊन, सावलीत जेमतेम सुकवून आठवड्याच्या आत पेरावे. सृष्टीचा क्रमही हाच आहे: फळ पिकते आणि लगेच पाऊस येतो. रोप हळू वाढते. वर्षभर पिशवीत ठेवून पुढील जूनमध्ये लावावे. आवडत्या झुडपाचे गुण जसेच्या तसे हवे असल्यास पावसाळ्यात गुटी कलम बांधावे. साध्या छाट कलमांना मुळे फुटणे कठीण जाते. कुंपणासाठी दोन रोपांत पाऊण ते एक मीटर आणि फळांसाठी दोन ते तीन मीटर अंतर पुरे. जमीन मुरमाड असो वा जांभ्याची, करवंदीला चालते. पाणी साचून राहणे तेवढे चालत नाही. ऊन भरपूर हवे, सावलीत झुडूप वाढते पण फळत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, मग तिला तिच्या हवाली करावे.

रोप विकत घेताना सावध असावे. रोपवाटिकांत ‘करवंद’ म्हणून पुष्कळदा कॅरिसा मॅक्रोकार्पा हे दक्षिण आफ्रिकेतील झुडूप मिळते. त्याचे काटे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे ठळक दुभंगलेले, फुले मोठी, आणि फळ पिकल्यावरही लालच राहते. ते कृष्णपाकफल नव्हे. उत्तरेकडे पांढऱ्या-गुलाबी फळांची करौंद्याची झाडे लावतात, ती मात्र याच जातीची. त्यांची फळे पाकात मुरवून, लाल रंगवून, केकवर ‘चेरी’ या नावाने बसतात. फळ आपले आणि नाव परक्याचे, असा हा सौदा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेला ‘कोकण बोल्ड’ हा मोठ्या फळांचा वाण ज्यांना फळांचीच हौस आहे त्यांनी लावावा; कुंपणाला मी तरी डोंगरचे बी पसंत करीन.

आता शंकेचे उत्तर. डोंगरउतारावरील जाळ्या वणव्यांनी, खाणींनी आणि घरबांधणीने कमी होत आहेत. मोकळ्या झालेल्या जागेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून आलेली घाणेरी शिरते. जाळी गेली की तिच्या काट्यांच्या आडोशाने गुरांपासून बचावणारी इतर वृक्षांची रोपेही जातात, आणि उन्हाळ्यात पानांच्या द्रोणांतून करवंदे विकणाऱ्या आदिवासी बायकांचे चार पैसेही जातात. शब्दसंग्रह करणाऱ्याला आणखी एक तोटा होतो. चित्र दाखवून ‘याला काय म्हणता?’ असे विचारले तर निवेदक ‘करवंद’ एवढेच सांगतो. कच्च्या, गाभुळलेल्या आणि पिकलेल्या फळांचे शब्द, चिकाचे, काट्याचे, खेळाचे शब्द हे हातात फांदी असल्यावाचून निघत नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या आवारातील दुरांट्याची एखादी रांग काढून तेथे करवंदी लावावी, अशी सूचना मी विभागापुढे ठेवीत आहे. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याचा पहिला धडा भिंतीलगतच मिळेल.

सूचना मान्य झाल्यास माळ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागेल. करवंदीला फुले फांद्यांच्या टोकांशी येतात. दुरांट्याप्रमाणे दर महिन्याला कात्री चालविली तर कुंपण चौकोनी दिसेल, पण फूल नाही आणि फळही नाही. छाटणी वर्षातून एकदाच, फळे संपल्यावर जूनअखेरीस करावी. चीक वाहतो म्हणून हाताला तेल लावून.