अळी गुळवेलीवर, पतंग मोसंबीवर

पावसाळ्याच्या अखेरीस पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद परिसरातील फळबागेत रात्री बॅटरी फिरवली, तर पिकत आलेल्या फळावर लालसर ठिपके चमकताना दिसू शकतात. ते रस शोषणाऱ्या पतंगाचे डोळे असतात. शास्त्रीय नाव युडोसिमा मॅटर्ना.

पंख मिटून बसलेला हा पतंग वाळक्या पानासारखा दिसतो. पंख उघडले की मात्र रूप पालटते. मागचे पंख झगझगीत नारिंगी, त्यांवर मधोमध काळाभोर गोल ठिपका आणि कडेला पांढऱ्या ठिपक्यांची काळी किनार. पक्षी जवळ आला की हे रंग अचानक समोर येतात आणि तो क्षणभर दचकतो.

बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते. ती फुलांतील मधुरसापुरती. याची सोंड टणक आणि टोकाशी काटेरी. तिने तो मोसंबी, डाळिंब, पेरूची साल भेदून रस पितो. छिद्र टाचणीएवढेच असते, पण त्यातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. भोवतीचा भाग तपकिरी व मऊ पडतो आणि फळ गळते. मराठवाड्यात आंबिया बहाराची मोसंबी याच सुमारास पिकते, त्यामुळे हाताशी आलेले पीक जाते.

एरवी पतंगवर्गीय किडींत नुकसान करते ती अळी. इथे अळी फळाला तोंडही लावत नाही. ती गुळवेल आणि वासनवेलीची पाने खाते. कोविडकाळात अनेकांनी कुंपणावर गुळवेल चढवली. बागेलगत ती नसलेलीच बरी. आणि अळीला मानवते म्हणून ती माणसालाही निर्धोक, असे नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. काढा वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा.

हा पतंग माणसाला चावत नाही, डंखही मारत नाही. काळजी घ्यायची ती फळाची. छिद्र पडून मऊ झालेली मोसंबी रसासाठी वापरू नये. सडका भाग कापून उरलेले फळ खाणेही टाळावे. बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असू शकते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

बागायतदारांनी गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत, तिन्हीसांजेला बागेत धूर करावा. झाडे थोडी असतील, तर फळांना पिशव्या बांधणे सर्वांत सोपे.